नवकंकरी शेवटाकडून सोडवताना: प्रकल्प नोंदी

लेण्यांच्या ओट्यांवर आणि देवळांच्या फरशांवर एकात एक तीन चौकोन कोरलेला जो पट दिसतो, तो नवकंकरीचा. हा खेळ संगणकावर पूर्ण सोडवण्याचे काम राल्फ गॅसर यांनी झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात १९९३ मध्ये केले. दोघेही अचूक खेळले तर बरोबरी, हे त्याचे उत्तर. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न पुन्हा सोडवण्यात फायदा एवढाच की चूक झाली तर कळते. शेवटाकडून मागे येत खेळ सोडवण्याची पद्धत नीट शिकायची असेल, तर बुद्धिबळाच्या शेवटांपेक्षा हा पट बरा: नियम पाऊण पानात बसतात आणि सगळी माहिती घरच्या संगणकात मावते.

खाली फक्त कामाच्या नोंदी आहेत. प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये. खड्यांच्या संख्येप्रमाणे स्थितींचे गट पाडले, त्यांना ‘खण’ म्हटले आहे. ५-४ चा खण म्हणजे चाल असणाऱ्याचे ५ खडे, समोरच्याचे ४. तीन खडे एका रेषेत आले की ‘तिकडी’.

२ फेब्रुवारी: पट

बिंदू २४. क्रमांक असे दिले: बाहेरचा चौकोन ० ते ७, मधला ८ ते १५, आतला १६ ते २३. सुरुवात डाव्या वरच्या कोपऱ्यातून, घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे सम क्रमांक कोपऱ्यांचे आणि विषम क्रमांक बाजूंच्या मध्यबिंदूंचे झाले. शेजारी काढायला वेगळा तक्ता लागत नाही. आपल्याच चौकोनात एक पुढे, एक मागे. विषम असेल तर ८ मिळवून किंवा वजा करूनही.

पहिल्या तक्त्यात ४० कडा आल्या. कारण साधे होते. तक्ता एका कोरीव पटाच्या फोटोवरून बनवला आणि त्या पटावर कोपऱ्यांना जोडणाऱ्या तिरप्या रेघाही होत्या. तो बारा खड्यांचा प्रकार. तिरप्या ८ कडा वगळल्या की ३२ उरतात, आणि तिकड्यांच्या रेषा २० वरून १६ होतात. हे उशिरा लक्षात आले, तोवर चालींचा सगळा कोड त्या चुकीच्या तक्त्यावर तपासून झाला होता. एक संध्याकाळ गेली.

पुढे जाण्याआधी या चार गोष्टी प्रोग्रामकडूनच तपासून घ्याव्यात: कडा ३२, सर्व बिंदूंच्या शेजाऱ्यांची बेरीज ६४ (कोपऱ्यांना २, बाहेरच्या व आतल्या मध्यबिंदूंना ३, मधल्या चौकोनाच्या मध्यबिंदूंना ४), रेषा १६, प्रत्येक बिंदू बरोबर दोन रेषांवर. शेवटची तपासणी सर्वांत कामाची. एक आकडा चुकला तरी ती लगेच ओरडते.

नियम गोठवले ते असे. मांडणीनंतर, म्हणजे दोघांचे नऊ-नऊ खडे आळीपाळीने ठेवून झाल्यावर, खडा शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकतो. तीनच खडे उरले तर कुठेही उडी. तिकडी झाली की समोरच्याचा एक खडा उचललाच पाहिजे, पण तो तिकडीतला नको. सगळेच तिकडीत असतील तर कोणताही चालेल. दोन खडे उरले किंवा चाल उरली नाही की हार. गावोगावी नियम बदलतात, पण एकदा गोठवलेले मध्येच बदलू नयेत. तपासणीचे सगळे आकडे त्यांवरच उभे असतात.

४ फेब्रुवारी: फुल्ली-गोळ्यावर सराव

सममितीचा कोड आधी लहान पटावर चालवला. फुल्ली-गोळ्यात खेळातून येऊ शकणाऱ्या स्थिती ५,४७८. फिरवून आणि आरशात पाहून सारख्या दिसणाऱ्या एकच धरल्या तर ७६५. दोन्ही आकडे आले. अर्ध्या तासाचे काम आहे, टाळू नये.

७ फेब्रुवारी: स्थितीला क्रमांक

सममिती १६: चार फिरवण्या, त्यांची आरशातली रूपे, आणि बाहेरचा-आतला चौकोन अदलाबदल. आपल्या क्रमांकांत फिरवणे म्हणजे चौकोनातल्या स्थानात २ मिळवणे. आरसा म्हणजे स्थान ८ मधून वजा करणे.

प्रत्येक बाजूचे खडे २४ बिटांत ठेवले. पहिल्या खेळाडूच्या खड्यांच्या २४ बिटांसाठी एक मोठा तक्ता आहे: कोणत्या वर्गातला संच (सममितीने एकसारखे ठरणारे संच म्हणजे एक वर्ग), आणि त्या वर्गाच्या प्रतिनिधीकडे नेणारी सममिती कोणती. नोंदी १,६७,७७,२१६, प्रत्येकी ४ बाइट, एकूण ६४ एमबी. एवढी जागा खुशाल द्यावी. दर वेळी १६ सममिती लावून लहानात लहान रूप शोधणारी पहिली आवृत्ती बरीच मंद होती.

मग समोरच्याचे खडे त्याच सममितीने फिरवायचे, उरलेल्या जागांत दाबून बसवायचे आणि संचांच्या क्रमाने मोजायचे. ३-३ साठी तीन खड्यांचे २,०२४ संच १५८ वर्गांत बसतात, आणि समोरच्याचे उरलेल्या २१ जागांत १,३३० प्रकार. म्हणजे २,१०,१४० क्रमांक.

इथेच पहिला सापळा होता. १६ सममितींखाली ३-३ च्या खरोखर वेगळ्या स्थिती १,६९,६२६ आहेत. हा आकडा बर्नसाइडच्या नियमाने (प्रत्येक सममितीत जशाच्या तशा राहणाऱ्या स्थिती मोजून त्यांची सरासरी) कागदावर काढता येतो. फरक ४०,५१४ चा. पहिल्या खेळाडूचा संच स्वतःच सममित असला तर तो प्रतिनिधीकडे एकापेक्षा जास्त मार्गांनी जातो, समोरच्याचे खडे प्रत्येक मार्गाने वेगळीकडे पडतात, आणि एकाच स्थितीला दोन-तीन क्रमांक मिळतात. सुरुवातीला वाटले, थोडी जागा वाया जाईल, जाऊ दे. पण जागेचे नुकसान इथे किरकोळ आहे. उलट्या चाली त्या जुळ्या क्रमांकांपैकी एकावरच पोहोचतात, आणि बाकीचे कायम ‘बरोबरी’ म्हणून पडून राहतात.

उपाय: प्रत्येक प्रतिनिधी संचाला जागच्या जागी ठेवणाऱ्या सममितींची यादी आधीच करून ठेवली. क्रमांक काढताना त्या सगळ्या लावून समोरच्याचा लहानात लहान क्रमांक घ्यायचा. बहुतेक संचांची ही यादी एका नोंदीची असते, त्यामुळे वेग फारसा पडत नाही. रिकामे राहिलेले क्रमांक ‘वापरात नाही’ अशी खूण करून सोडले.

११ फेब्रुवारी: ३-३ चा खण, आणि ९,४०८

३-३ मध्ये दोघेही उड्या मारतात, म्हणून कोणता बिंदू कोणाचा शेजारी याला अर्थ उरत नाही. फक्त रेषा उरतात. तीन चौकोन आपापसांत कसेही बदलले तरी रेषा त्याच राहतात. सममिती १६ ऐवजी ४८ होतात आणि वेगळ्या स्थिती ५६,९२२. गॅसर यांचा आकडाही हाच. तो हाताने काढून आधी जुळवला, मग कोड लिहिला.

मोजणी करताना प्रत्येक स्थितीला तिचे वजन द्यावे, म्हणजे तिच्या वर्गात किती मूळ स्थिती आहेत ते. वजनांची बेरीज २६,९१,९२० आली पाहिजे. ही बेरीज प्रत्येक खणात छापावी.

पहिला थर, म्हणजे एका चालीत जिंकणाऱ्या स्थिती, हाताने मोजता येतो. एका रेषेवर बरोबर दोन खडे आणि तिसरी जागा मोकळी असली की तिसरा खडा उडी मारून तिकडी करतो, समोरच्याचे दोन उरतात, डाव संपतो. रेषेवरच्या जोड्या ४८, तिसऱ्या खड्याला प्रत्येकी २१ जागा, १,००८. यांत दोन जोड्या असलेले ९६ संच दोनदा आले. म्हणजे एका जोडीचे संच ८१६, दोन जोड्यांचे ९६. एका जोडीला समोरच्याने ती एक जागा अडवायला नको: १,१४० प्रकार. दोन जोड्या असतील तर दोन्ही जागा अडवल्या असे १९ प्रकार सोडून १,३११. एकूण ८१६ गुणिले १,१४० अधिक ९६ गुणिले १,३११, म्हणजे १०,५६,०९६.

प्रोग्राम म्हणाला १०,४६,६८८. फरक ९,४०८.

फरकाचे अवयव पाडून पाहण्याची सवय असावी. ९,४०८ ला १६ ने भाग जातो, ५८८ उरतात. रेषाही १६ आहेत. म्हणजे समोरच्याचे तिन्ही खडे एका रेषेवर असतात तेव्हाच काही बिघडते. ताळाही बसतो. एक रेषा समोरच्याने व्यापली की तिला न छेदणाऱ्या १२ रेषा उरतात, त्यांवरच्या ३६ जोड्या, तिसऱ्या खड्याला १८ जागा, ६४८, दोनदा मोजलेले ६० वजा, ५८८. चूक सापडली ती खडा उचलण्याच्या नियमात. ‘तिकडीतला खडा उचलू नये’ लिहिले होते, ‘सगळेच तिकडीत असतील तर कोणताही’ हे राहिले होते. एक ओळ घातली आणि आकडा जुळला.

हा आकडा हाताशी नसता तर ही चूक ९-९ पर्यंत गेली असती, आणि तरीही शेवटचे उत्तर बहुधा ‘बरोबरी’ असेच दिसले असते.

१५ ते १९ फेब्रुवारी: काउंटर आणि आरसा

पाच दिवस गेले ते इथे. पद्धत अशी: प्रत्येक स्थितीला तिच्या चालींचा काउंटर. पुढची एखादी स्थिती समोरच्याला हरणारी ठरली की ही जिंकणारी. पुढची समोरच्याला जिंकणारी ठरली की काउंटर एकने कमी. शून्य झाला की ही हरणारी. शेवटी जे काही ठरत नाही ती बरोबरी. काउंटरला एक बाइट पुरतो, कारण ३-३ मध्ये जास्तीत जास्त ३ गुणिले १८, म्हणजे ५४ चाली असतात.

निकाल दोन्ही बाजूंनी चुकत होते. काही हरणाऱ्या स्थिती बरोबरीत अडकलेल्या, काही बरोबरीच्या स्थिती हरणाऱ्या म्हणून नोंदलेल्या. दोन्ही प्रकार एकत्र दिसले की उलट्या चालींतच गडबड आहे असे वाटते. त्या संशयाने उलट्या चालींचा कोड दोनदा नव्याने लिहिला. चूक तिथे नव्हती.

उदाहरणाने सांगतो. उभ्या अक्षात सममित अशी एक स्थिती घ्या, बिंदू १ वर आपला खडा. तो ० वर सरकवला काय किंवा २ वर सरकवला काय, आरशात दोन्ही एकच. पण चाली मोजताना काउंटर २ झाला. पुढची स्थिती सममित नाही, तिच्यातून उलटे येताना ० वरून १ वर येण्याचा मार्ग एकच. काउंटर एकदाच कमी होतो, शून्य कधीच होत नाही, हरणारी स्थिती बरोबरी म्हणून राहते.

आता उलट पाहा. खडा ० वर आहे आणि १ वर आल्याने पट सममित होतो. पुढे जाणारी चाल एक. मागे येताना मात्र १ वरून ० वर आणि १ वरून २ वर असे दोन मार्ग, आणि दोन्ही एकाच वर्गात. काउंटर दोनदा कमी होतो, आणि न हरणारी स्थिती हरते.

उपाय दोन आहेत. काउंटर शून्य झाला तरी विश्वास न ठेवता सगळ्या चाली पुन्हा पुढे काढून पाहणे. याने दुसरी चूक पकडली जाते, पहिली नाही. योग्य उपाय म्हणजे पुढच्या स्थितींची यादी आणि मागच्या स्थितींची यादी, दोन्ही प्रतिनिधी क्रमांकात बदलून त्यांतले सारखे काढून टाकणे. मग दोन वर्गांमधली कडा दोन्ही बाजूंनी एकदाच मोजली जाते. याद्या लहान असतात, साध्या क्रमवारीने भागते. याद्या काढण्याच्या दोन्ही कामांना एकच फंक्शन वापरावे. दोन वेगळी लिहिली की त्यांत फरक पडतोच.

२२ फेब्रुवारी: ४-३ आणि ३-४ एकत्र

खडा न उचलता चाल झाली की डाव ४-३ मधून ३-४ मध्ये जातो आणि परत येतो. म्हणून ही जोडी एकत्रच सोडवावी लागते, आणि थरही एकाआड एक चालवावे लागतात. ४-३ चे क्रमांक ७५७ गुणिले १,१४० म्हणजे ८,६२,९८०. ३-४ चे १५८ गुणिले ५,९८५ म्हणजे ९,४५,६३०. मूळ स्थिती मात्र दोन्हींकडे सारख्याच, १,२१,१३,६४०. खडे कमी तितके सममित संच जास्त, म्हणून ३-४ मध्ये वाया जाणारे क्रमांक अधिक.

चूक: ३-४ मध्ये चाल असणारा उड्याच मारतो म्हणून तिथेही ४८ सममिती लावल्या. पण समोरचा चार खडेवाला पुढच्या चालीला सरकणारच आहे, आणि त्याला शेजारी लागतात. ४८ फक्त ३-३ साठी. बाकी सगळीकडे १६. पुढच्या तपासणीत एका फटक्यात सापडले, फार वेळ गेला नाही.

दुसरी चूक बारीक. जीत-हार किती चालींत हेही साठवायचे होते. शून्य म्हणजे ‘अजून ठरले नाही’. चाल न उरलेल्या स्थितीची हार शून्य चालींत, तीही शून्यच. त्यामुळे कोंडलेल्या सगळ्या स्थिती गायब झाल्या. आता चालींत एक मिळवून साठवतो. जीत नेहमी विषम चालींत आणि हार सम चालींत, त्यामुळे जीत की हार यासाठी वेगळा बिट लागत नाही. चाचणीसाठी एक सोपी स्थिती ४-४ मध्ये आहे: एका चौकोनाचे चारही कोपरे चाल असणाऱ्याचे, चारही मध्यबिंदू समोरच्याचे. तीन चौकोन, तीन स्थिती. तिन्ही ‘हार, ० चाली’ दिसल्या पाहिजेत.

२६ फेब्रुवारी: उचललेले खडे आणि थरांचा क्रम

खडा उचलला की खण बदलतो. ४-४ मधून उचलल्यावर समोरच्याचे तीन, आणि चाल त्याची, म्हणजे ३-४. तो खण आधी सुटलेला असतो. तिथले उत्तर वाचून घ्यायचे. खण एकूण खड्यांच्या चढत्या क्रमाने सोडवले की हवे ते नेहमी तयार मिळते.

वाचलेली सगळी उत्तरे पहिल्याच थरात रांगेत टाकली होती. जीत, हार, बरोबरी बरोबर आली, पण चालींचे आकडे बिघडले. खडा उचलून ४१ चालींत जिंकणारी स्थिती आधी नोंदली गेली आणि त्याच खणात तीन चालींत मिळणारी जीत मागे राहिली. आता प्रत्येक चाल-संख्येचा वेगळा कप्पा आहे आणि वाचलेले उत्तर आपल्या कप्प्यात वाट पाहते. हरणाऱ्या स्थितीतही तेच. काउंटर शून्य झाला तरी उचलण्याच्या चालींतून हार आणखी लांबत असेल तर ती लांबची संख्या धरायची, कारण हरणारा हार लांबवतो. उचलण्याची एखादी चाल बरोबरी देत असेल तर ‘ही हरू शकत नाही’ अशी खूण लावून काउंटर बाजूला ठेवायचा.

१ मार्च: फेरतपासणी

प्रत्येक खण सुटल्यावर पूर्ण फेरी, फक्त पुढच्या चाली वापरून. जिंकणाऱ्या स्थितीला एक तरी हरणारी पुढची हवी. हरणाऱ्याच्या सगळ्या पुढच्या जिंकणाऱ्या हव्यात. बरोबरीत एकही हरणारी नको आणि एक तरी बरोबरी हवी. चालींचे आकडेही जुळवायचे. खण सोडवण्याइतकाच वेळ लागतो, पण ही फेरी कापू नये.

४-४ मध्ये पहिल्याच फेरीत विसंगती आल्या. उलटी चाल घेताना, आत्ताच आलेला खडा तिकडीत असेल तर ती चाल खडा न उचलता झालेली असूच शकत नाही. म्हणून तिकडीतल्या खड्याची साधी उलटी चाल घ्यायची नाही. कोडमध्ये हे होते, पण चुकीच्या बाजूला: ज्या जागी खडा परत जातो तिथली तिकडी तपासली जात होती. तिकडी मोडून बाहेर येणे चालते, उलट तोच या खेळाचा मुख्य डाव. बदल एका चिन्हाचा.

६ मार्च: मेमरी, आणि वाया गेलेले ५,८०० रुपये

सर्वांत मोठा एकटा खण ८-८: ४६,८७९ वर्ग, प्रत्येकी १२,८७० प्रकार, म्हणजे ६०,३३,३२,७३० क्रमांक. ९-९ त्याहून लहान आहे, ४१,४८,१४,४००. जोड्यांत ८-७ आणि ७-८ मिळून १०७ कोटी ५६ लाख.

प्रत्येक क्रमांकाला दोन बाइट चालींचे, एक काउंटरचा आणि चार रांगेतल्या दुव्याचे, अशी रचना केली होती. कंपायलर मध्ये एक बाइट भरतो, एकूण ८. त्या हिशोबाने साडेआठ जीबी, वर लागणारे जुने खण. १६ जीबी कमी पडेल म्हणून आणखी १६ ची पट्टी आणली, ५,८०० रुपये.

ती लागलीच नाही. रांग काढून टाकली. प्रत्येक थरात पूर्ण यादी सरळ वाचत जावी, त्या थराच्या स्थिती दिसतील तिथे काम करावे. सलग वाचन इतके जलद होते की रांगेची गरज नाही. चाली आणि काउंटर वेगळ्या याद्यांत ठेवले की ३ बाइट, म्हणजे सगळ्यांत मोठी जोडी सव्वातीन जीबीत. आधी कागदावर गुणाकार केला असता तर पैसे वाचले असते.

चाली एका बाइटात ठेवून पाहण्याचा मोह होतो. ठेवल्या तर २५४ च्या वर गेल्या की प्रोग्राम तिथेच थांबेल अशी अट घालावी. गुपचूप शून्यावर फिरून गेलेला बाइट शोधणे फार कठीण.

९ मार्च: आठ धागे, एक काउंटर

काम आठ धाग्यांत, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या आठ भागांत, वाटले. ५-५ दोनदा चालवला, बरोबरीचे आकडे दोनदा वेगळे आले. दोन धागे एकाच काउंटरमधून एकाच वेळी वजा करतात, एक वजाबाकी हरवते, स्थिती बरोबरीत अडकते. ॲटॉमिक वजाबाकी (मध्येच दुसऱ्या धाग्याला शिरू न देणारी) घातली, आणि जो धागा १ चा ० करतो त्यानेच हार नोंदवायची असे ठरवले. मूल्य लिहितानाही ‘अजून रिकामे असेल तरच लिही’ अशी ॲटॉमिक अदलाबदल.

दोन वेळा चालवून फाइल बाइटनबाइट जुळवणे ही स्वस्त चाचणी आहे. लहान खणांवर ती रोज करावी.

१४ ते १७ मार्च: मोठे खण

सगळे २८ गट (३-३ पासून ९-९ पर्यंत; ४-३ आणि ३-४ मिळून एक) फेरतपासणीसह ६१ तासांत. मीटरवर यंत्र सरासरी १४० वॅट घेत होते, म्हणजे साडेआठ युनिट. डिस्कवर सुमारे १८ जीबी.

दुसऱ्या रात्री वीज गेली. ९-६ ची फाइल अर्धी लिहिलेली राहिली आणि पुन्हा सुरू केल्यावर प्रोग्रामने ‘फाइल आहे, म्हणजे खण सुटला’ असे धरून पुढे धाव घेतली. सुदैवाने लांबी तपासली. आता फाइल तात्पुरत्या नावाने लिहून, बेरीज-तपासणी (बाइटांवरून काढलेला ताळ्याचा आकडा) शेवटी जोडून, मगच खरे नाव देतो. यूपीएस असला तरी हे करावे.

१९ मार्च: ९०७ आणि ७६७

एकूण स्थिती ९०० कोटींच्या वर गेल्या, आणि गॅसर यांच्या मोजणीत ७६७ कोटी. चूक नाही. त्यांनी खेळात येऊच न शकणाऱ्या स्थिती वगळल्या: समोरच्याचे ९ खडे शाबूत असताना आपली तिकडी असणे शक्य नाही, कारण तिकडी झाली की एक खडा जायलाच हवा. त्या ठेवल्या तर जागा जाते, उत्तर बिघडत नाही. खऱ्या स्थितीतून चाली नेहमी खऱ्या स्थितीकडेच जातात. वगळण्याचा कोड लिहायला जो वेळ लागेल त्यापेक्षा सुमारे १४० कोटी नोंदींची डिस्क स्वस्त, म्हणून ठेवल्या.

२३ ते २७ मार्च: मांडणी

मांडणीच्या १८ चाली पुढच्या दिशेने, अल्फा-बीटाने (निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या छाटत जाणारा शोध). अठराव्या चालीनंतर खणांतले उत्तर. पहिल्या खड्याला २४ जागा दिसतात, सममितीने चारच उरतात: मधल्या चौकोनाचा कोपरा, त्याचा मध्यबिंदू, आणि बाहेरच्या (म्हणून आतल्याही) चौकोनाचे तेच दोन.

पहिल्या धावेत पहिला खेळाडू सरळ जिंकला. ‘दोन खडे उरले की हार’ हा नियम मांडणीतही लागू झाला होता. हातात खडे असताना पटावर दोनच असणे म्हणजे हार नव्हे. चौथ्या चालीनंतर तर प्रत्येकाचे दोनच असतात. हातात खडे असेतोवर कोंडलेपणाही मोजायचा नाही. दोन्ही अटी अठराव्या चालीनंतरच.

शोध दोन प्रश्नांत तोडला: पहिला जिंकू शकतो का, आणि दुसरा जिंकू शकतो का. प्रत्येकी हो-नाही एवढेच उत्तर. तीन मूल्यांचा एकच शोध चालवण्यापेक्षा छाटणी जास्त होते. आठवणीच्या तक्त्यात (आधी तपासलेल्या स्थितींची उत्तरे ठेवण्याचा) स्थितीबरोबर कितवी चाल हेही किल्लीत घालावे, नाहीतर हातातल्या खड्यांची वेगळी संख्या असलेल्या दोन स्थिती एकच समजल्या जातात. खड्यांची संख्या पटावरून काढता येईल असे वाटते, पण उचललेले खडे पटावर दिसत नाहीत.

२७ तारखेला दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’. बरोबरी. त्यानंतर उचलण्याच्या नियमातली ती जुनी चूक मुद्दाम परत घालून ३-३ ते ५-५ पुन्हा चालवले. फेरतपासणी एकही विसंगती न दाखवता पार पडली, कारण चुकीच्या नियमांचा खेळही आपल्या जागी सुसंगत असतो. १०,५६,०९६ ची तपासणी म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच चालते, आणि आकडा जुळला नाही तर पुढचा खण उघडत नाही.